अमेरिकेत मेडिकलला जाण्याआधी मास्टर्स करावे का?

भारतात बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएसला प्रवेश घेता येतो. अमेरिकेत साधारणपणे आधी ४ वर्षांची पदवी आणि मग ४ वर्षांचा एमडी अभ्यासक्रम असतो. प्रवेशासाठी पदवीचा जीपीए (४ पैकी), एमकॅट परीक्षेचे गुण (४७२ ते ५२८) आणि रुग्णसेवेचा अनुभव पाहतात. जीपीए कमी असला की अनेक विद्यार्थी मास्टर्सचा विचार करतात.

मास्टर्समुळे पदवीचा जीपीए सुधारतो का?

नाही. एएमकॅस या सामाईक अर्जात दोन्ही जीपीए वेगळे दिसतात. समजा, पदवीला १२० क्रेडिटमध्ये ३.२ जीपीए आहे. मास्टर्सला ४.० मिळाले तरी ३.२ तसाच राहतो. याउलट 'पोस्ट-बॅक', म्हणजे पदवीनंतर त्याच पातळीचे विज्ञान विषय घेतले, तर ते गुण पदवीच्या जीपीएत मिळवले जातात. असे ३० क्रेडिट ४.० ने पूर्ण केल्यास सरासरी ३.३६ होते.

मग मास्टर्स कोणी करावे?

पदवीला पुरेसे विज्ञान विषय झाले आहेत, पण गुण कमी आहेत, अशांसाठी 'स्पेशल मास्टर्स' असते. १ ते २ वर्षांच्या या अभ्यासक्रमात मेडिकलच्या पहिल्या वर्षासारखे विषय असतात. तो झेपला तर अर्जाला बळ मिळते. तिथेही गुण घसरले तर अर्ज आणखी कमकुवत होतो.

एमकॅटचे गुण किंवा रुग्णसेवेचा अनुभव कमी असेल, तर आधी तीच उणीव भरून काढावी. संशोधनाची ओढ असणाऱ्यांसाठी एमडी-पीएचडी हा एकत्रित अभ्यासक्रम आहे. त्याला साधारण ७ ते ८ वर्षे लागतात. आधी वेगळी पीएचडी करावी लागत नाही.

भारतातून पदवी घेतली असेल तर?

भारतातील महाविद्यालयाचे गुण एएमकॅसच्या जीपीएत सहसा धरले जात नाहीत. अनेक मेडिकल कॉलेजे जीवशास्त्र, रसायनशास्त्र असे मूलभूत विषय अमेरिकेत किंवा कॅनडात केलेले असावेत, अशी अट घालतात. मास्टर्सने ही अट आपोआप पूर्ण होत नाही. शिवाय विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना अनेक कॉलेजे प्रवेशच देत नाहीत. म्हणून प्रत्येक कॉलेजचे नियम आधी तपासा.

कर्ज काढण्यापूर्वी

स्वतःला दोन प्रश्न विचारा. माझ्या अर्जातली नेमकी कोणती उणीव या पदवीने भरून निघेल? आणि मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, तर ही पदवी मला उपयोगी पडेल का? दोन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील, तर मास्टर्स करण्याची घाई करू नका.