परदेशची नोकरी आणि सहधर्मचारिणीचा परवाना : एक ऐतिहासिक समालोचन

उदरनिर्वाहासाठी देशांतर करणे ही गोष्ट मनुष्यजातीस नवीन नाही. आपल्या ज्ञातीतील आजोबांची पिढी गाव सोडून मुंबई-पुण्यास आली. नातवांची पिढी समुद्र ओलांडून गेली. आज मंडळाच्या सभासदांत अशी घरे थोडी नाहीत, की ज्यांचा मुलगा, मुलगी, जावई अथवा भाचा परदेशी नोकरीस आहे. वार्षिक संमेलनात त्यांचा गौरव होतो, आणि तो व्हावा हे योग्यच आहे. तथापि त्या नोकरीमागे कागदपत्रांचा जो दीर्घ इतिहास उभा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. नोकरीचा परवाना एकाच्या नावाचा असतो. संसार मात्र दोघांचा असतो. या दोहोंमध्ये अंतर कसे पडले, ते कोणी कमी केले आणि आजही ते कोठे शिल्लक आहे, याचा विचार ज्ञातिबंधु-भगिनींपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परदेशगमनास सरकारी परवाना लागतो ही कल्पना फार जुनी नाही. १८८३ च्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी या अठरा वर्षांच्या महाराष्ट्रीय स्त्रीने कलकत्त्याहून अमेरिकेस प्रयाण केले आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी संपादन केली. पत्नी आधी गेली, पती गोपाळराव मागाहून गेले. आनंदीबाईंना समाजाचा विरोध सोसावा लागला, परंतु आजच्या अर्थाचा व्हिसा त्यांच्याकडे कोणी मागितला नाही. पासपोर्ट आणि व्हिसा यांची सक्ती सर्वत्र रूढ झाली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास.

परंतु याच काळात मजुरांसाठी निराळा नियम होता. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर आपल्या देशातील मजूर करारावर नेले जात. इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन त्या कराराला ‘गिरमिट’ म्हणू लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील कोकणी मंडळी पुष्कळ होती, व त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणून ओळखले जातात. मळेवाल्यांना हवे होते ते काम करणारे हात. मजुराचे कुटुंब ही त्यांच्या लेखी अडचण होती. सरकारला पुढे दंडक घालावा लागला, की दर १०० पुरुषांमागे निदान ४० स्त्रिया नेल्या पाहिजेत. याचाच अर्थ असा, की उरलेल्या साठ जणांच्या संसाराचा विचार नियम करणाऱ्यांनी केलाच नव्हता. शिवाय धर्मविधीने लागलेले लग्न नोंदविलेले नसेल, तर वसाहतीचा कायदा त्यास लग्न मानीत नसे. ‘नोंद नाही तर नाते नाही’ या न्यायाचा आरंभ येथे झाला.

हाच न्याय दक्षिण आफ्रिकेत एका मोठ्या लढ्यास कारण झाला. नाताळ वसाहतीत १८६० पासून गिरमिटिये जात होते, व त्यांच्यामागून व्यापारीही गेले. करार संपल्यावर तेथेच राहणाऱ्यांवर वर्षाला ३ पौंडांचा डोईपट्टीचा कर होता. या लोकांची बाजू हिंदुस्थानात ज्यांनी हिरिरीने मांडली, ते आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखले. १९१० साली नाताळकडे करारी मजूर पाठविणे बंद करण्याचा ठराव त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात आणला, आणि १९१२ च्या अखेरीस प्रकृती बरी नसतानाही त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला.

पुढच्याच वर्षी, १४ मार्च १९१३ रोजी, केप येथील न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. एका भारतीय मुसलमान गृहस्थाच्या पत्नीस देशात येऊ द्यावे की नाही, असा तो प्रश्न होता. ज्या धर्मात एकाहून अधिक पत्नी करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह प्रवेशाच्या कामी ग्राह्य धरता येत नाही, असे न्यायमूर्तींनी ठरविले. त्यामुळे हजारो हिंदू व मुसलमान स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने एका दिवसात पत्नी उरल्या नाहीत. हा अपमान घरोघर झोंबला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कस्तुरबा गांधींनी सत्याग्रह करून तीन महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. वलिअम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगात आजारी पडली आणि सुटल्यानंतर १९१४ च्या फेब्रुवारीत मरण पावली. अखेर १९१४ साली ‘इंडियन रिलीफ अ‍ॅक्ट’ झाला. ३ पौंडांचा कर गेला, आणि एकपत्नी विवाह ग्राह्य धरून त्या पत्नीस व अल्पवयीन मुलांस प्रवेश मिळाला. पत्नीचा परवाना ही कोणी दिलेली देणगी नव्हे. तो हक्क स्त्रियांनी तुरुंगात जाऊन मिळविला, हे आपल्या मुलामुलींना सांगितले पाहिजे.

त्याच सुमारास कॅनडात निराळी युक्ती योजली होती. स्वदेशापासून मध्ये न थांबता एकाच सलग प्रवासाने येईल त्यालाच प्रवेश, असा हुकूम १९०८ साली निघाला; आणि हिंदुस्थानातून तसे थेट जहाज जातच नव्हते! नियमात जातीचे वा वर्णाचे नाव नाही, तरी दार बंदच. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ या जहाजावरील ३७६ प्रवासी व्हँकूव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून पडले आणि बहुतेकांना परत पाठविण्यात आले. जे पंजाबी बांधव आधी जाऊन लाकडाच्या गिरण्यांत काम करीत होते, त्यांनाही बायकामुले आणण्यास हाच हुकूम आड येई. महायुद्धात हिंदी सैनिकांनी रक्त सांडल्यावर, १९१८ च्या साम्राज्य परिषदेत, तेथे स्थायिक झालेल्या हिंदी मनुष्यास आपली पत्नी व अल्पवयीन मुले आणता यावीत, असा ठराव संमत झाला, आणि १९१९ मध्ये कॅनडाने तो अंमलात आणला. हुकूम निघाल्यापासून ही मुभा मिळेपर्यंत अकरा वर्षे गेली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या लोकांची पावले प्रथम इंग्लंडकडे वळली. १९६२ पर्यंत राष्ट्रकुलातील नागरिकास तेथे जाऊन नोकरी करण्यास मज्जाव नव्हता. त्या वर्षीच्या १ जुलैपासून नवा कायदा आला व ‘व्हाउचर’ पद्धती सुरू झाली. नोकरी आधी ठरलेली असणाऱ्यास ‘ए’, विशेष कौशल्य अथवा पदवी असणाऱ्यास ‘बी’ आणि इतरांस ‘सी’ असे तीन वर्ग होते. पत्नीस व सोळा वर्षांखालील मुलांस मात्र हक्काने येता येत असे. हा हक्क पुढे हळूहळू आकसत गेला. १९६९ पासून पत्नीने आधी स्वदेशातच प्रवेश-प्रमाणपत्र घेणे सक्तीचे झाले. पतीपत्नींना घरादाराविषयी व लग्नसमारंभाविषयी वेगवेगळे बसवून प्रश्न विचारीत, आणि उत्तरांत थोडी तफावत पडली तरी अर्ज नाकारला जाई. १९७९ च्या जानेवारीत विवाहासाठी लंडनच्या विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची अत्यंत अवमानकारक शारीरिक तपासणी करण्यात आली. वृत्तपत्रांत ते प्रसिद्ध होताच भारतात संतापाची लाट उसळली व ती प्रथा बंद करावी लागली.

दुसरीकडे, तेथे कायदेशीरपणे राहणाऱ्या स्त्रीला आपला पती आणणे त्याहूनही कठीण होते. १९८५ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा स्त्रीपुरुषभेद अन्याय्य ठरविला. तेव्हा ब्रिटनने पतींसाठी दार उघडण्याऐवजी पत्नींनाही पतींसारख्याच कठोर अटी लावल्या. समता आली खरी, परंतु कोणाचाही लाभ न होता आली! २०१२ पासून तेथे स्थायिक झालेल्यास जोडीदार आणावयाचा तर वर्षाला किमान १८,६०० पौंडांचे उत्पन्न दाखवावे लागू लागले. २०२४ च्या एप्रिलात तो आकडा २९,००० पौंड झाला.

आता अमेरिकेकडे वळू, कारण आपल्या ज्ञातीतील तरुणांचा मोठा ओघ तिकडेच गेला. १९१७ च्या कायद्याने हिंदी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले होते. १९४६ साली वर्षाला केवळ १०० भारतीयांस प्रवेश मिळू लागला. १९६५ च्या कायद्याने ही स्थिती पालटली, आणि डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ मंडळी कायम वास्तव्याच्या परवान्यावर सहकुटुंब जाऊ लागली. त्या पिढीतील पत्नीस पतीबरोबरच कायम वास्तव्याचा दर्जा मिळे, व तिला नोकरीस अडथळा नसे.

पुढे मात्र तात्पुरत्या नोकरीची वाट रुंद झाली. १९९० च्या कायद्याने ‘एच-१ बी’ हा वर्ग आला. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० असून, अमेरिकेतच उच्च पदवी घेतलेल्यांसाठी पुढे आणखी २०,००० जागा ठेवण्यात आल्या. संगणकाचे शिक्षण घेतलेली आपली मुले याच वाटेने गेली. त्यांच्या जोडीदारासाठी ‘एच-४’ हा वर्ग १९७० पासूनच होता, परंतु त्यात नोकरीस बंदी होती. कंपनीच्या बदलीवर गेलेल्यांच्या जोडीदारांना २००२ साली नोकरीची मुभा मिळाली. ‘एच-४’ वरील स्त्रियांना मात्र २६ मे २०१५ पर्यंत थांबावे लागले. तेव्हाही ती सर्वांस मिळाली नाही. ज्यांच्या जोडीदाराचे कायम वास्तव्याचे प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचले आहे, त्यांनाच ती लागू झाली. शिवाय ती शासकीय नियमाने आली, संसदेच्या कायद्याने नव्हे. आणि नियम बदलणे कायदा बदलण्याहून सोपे असते. त्यात नोकरीवरून मिळणाऱ्या कायम वास्तव्यासाठी एका देशाच्या वाट्यास सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे. आईवडिलांबरोबर लहानपणी गेलेली मुले रांगेतच एकवीस वर्षांची होतात व आश्रितांच्या यादीतून गळतात.

आखाती देशांची कथा याहून निराळी. तेथे ठरावीक पगार असल्याखेरीज कुटुंब नेताच येत नाही. म्हणून रत्नागिरीपासून केरळपर्यंत असंख्य घरांत पत्नी गावी, पती वाळवंटात, आणि भेट वर्षा-दोन वर्षांनी, असा संसार चालतो. आपल्या सरकारने १९८३ च्या कायद्याने अल्पशिक्षित कामगारांच्या रक्षणासाठी परवानगीची अट घातली. दहावी उत्तीर्ण असणाऱ्यास ती अट नाही. शाळेच्या त्या एका प्रमाणपत्राचे मोल केवढे, हे शिक्षक या नात्याने येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

या सर्व इतिहासातून काय निष्पन्न होते? प्रत्येक देशाने हातांना आधी बोलाविले आणि घराचा विचार मागाहून केला. आणि जेव्हा केला, तेव्हाही पत्नीस बहुधा ‘आश्रित’ म्हणूनच प्रवेश दिला. पूर्वी आपल्या मुली अल्पशिक्षित असत, तेव्हा हा शब्द फारसा बोचत नसे. आज त्या डॉक्टर, वकील, इंजिनिअर आहेत. चार-सहा वर्षे अभ्यास करून मिळविलेली पदवी परदेशी घरात पेटीत पडून राहते, हे दुःख पत्रांतून वा दूरध्वनीवरून कळविण्यासारखे नसते. मुलगी ‘सर्व ठीक आहे’ एवढेच सांगते. आईवडिलांनी ते ओळखले पाहिजे.

यास्तव सभासद कुटुंबांस दोन गोष्टी नम्रपणे सुचवितो. पहिली, विवाहाची नोंदणी विनाविलंब करावी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची व्हावी असे निर्देश दिले आहेत, आणि परदेशी वकिलातीस मंगलाष्टकांचे नव्हे तर प्रमाणपत्राचे प्रमाण लागते. आपल्याकडे लग्नात वधूचे नाव बदलण्याची चाल आहे. तांदळात लिहिलेले ते नाव हौसेने घरात अवश्य ठेवावे. परंतु शाळेचा दाखला, पदवी, पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला या चारही ठिकाणी नाव एकच असावे. एका नावाच्या फरकापायी महिनोन् महिने खोळंबा होतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. परदेशस्थ स्थळ पाहताना पगार, घर, पत्रिका हे सर्व आपण विचारतो. त्याबरोबर ‘मुलीला तेथे नोकरी करता येईल काय, आणि केव्हापासून?’ हा प्रश्न निःसंकोच विचारावा. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदारास नोकरीची मुभा आहे. अमेरिकेत ती अनेक अटींवर अवलंबून आहे. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून ती ठरावीक व्यवसायांतील कामगारांच्या जोडीदारांपुरती मर्यादित केली. देशादेशांत असा भेद आहे, आणि नियम वर्षावर्षाला बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये. मुलगी परदेशी नोकरीस असेल, तर जावयाच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावा. वराकडील मंडळींनी त्याचा राग मानू नये. उलट हे उत्तर आधीच देणारे घर सुज्ञ समजावे. आपल्या मंडळाच्या वधूवर सूचीत या माहितीसाठी एक रकाना वाढविला, तर कार्यकारिणीस फारसा खर्च न पडता अनेक संसारांचे कल्याण होईल.

१९१३ साली आफ्रिकेतील स्त्रियांनी ‘आम्ही पत्नी आहोत’ हे मान्य करवून घेण्यासाठी तुरुंग सोसला. आपल्या मुलींना तेवढे सोसावे लागणार नाही. त्यांच्यासाठी योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणे, एवढेच वडीलधाऱ्यांचे काम उरले आहे. ते आपण करू या. ज्ञातीच्या सर्व परदेशस्थ कुटुंबांस सुख, आरोग्य व सहवास लाभो, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.