तीन भिंती आणि एक शटर

मुंबईतल्या वाकोल्यात ‘गॅरेज कुठे आहे?’ असं विचारलं, तर लोक बोट दाखवतील ते काळ्या ऑइलने माखलेल्या, फुटपाथवर गिअरबॉक्स उघडून बसलेल्या एखाद्या गाळ्याकडे. गाडी ठेवायची जागा हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आपल्याकडे मुरलाच नाही. फ्रेंच भाषेत ‘गारे’ म्हणजे आडोशाला लावणं, सुरक्षित जागी ठेवणं. आधी नदीतल्या होड्या, मग आगगाडीचे डबे आणि शेवटी मोटारी त्या क्रियापदाच्या आश्रयाला आल्या. फ्रेंच माणूस रेल्वे स्टेशनला ‘गार’ म्हणतो, तोही याच कुळातला शब्द. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीने ‘गॅरेज’ उचलला आणि इंग्रजीकडून आपण. येताना वाटेत घर गळून पडलं आणि दुरुस्ती उरली. ‘गाडी गॅरेजला टाकली’ याचा मराठीत अर्थ गाडी बिघडली, एवढाच. मग घराला शोभेल असं गॅरेजचं दार निवडायचा प्रश्न इथे पडणार कुणाला? पडतो, आणि रोज पडतो. फरक इतकाच, की त्याचं उत्तर विचार न करता दिलं जातं: शटर लावून टाका. हे उत्तर घरातून आलेलं नाही, दुकानातून आलेलं आहे. त्या शटरची कुळी नीट पाहिली, तर घराच्या अंगावर ते परकं का दिसतं हे कळतं.

आधी कायद्याकडे पाहू, कारण मुंबईत दाराची गोष्टही शेवटी चौरस फुटांपाशी येते. 1963 च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने ‘फ्लॅट’च्या व्याख्येत गॅरेजचाही समावेश केला. म्हणजे गॅरेज स्वतंत्रपणे विकता येतं, असा अर्थ लावला गेला. या फटीतून बिल्डर आत शिरले आणि इमारतीखालच्या खांबांमधली मोकळी जागा, म्हणजे स्टिल्ट, गॅरेज म्हणून विकू लागले. दहिसर पूर्वेच्या पांचाली सोसायटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 31 ऑगस्ट 2010 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की फ्लॅट घेणारा साधा माणूस गॅरेज म्हणजे काय समजेल ते पाहा. तो छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा समजेल. खांबांवर उभी असलेली मोकळी जागा त्यात बसत नाही, म्हणून ती वेगळी विकताही येत नाही. पुढे 2016 च्या रेरा कायद्याने हीच व्याख्या जवळपास जशीच्या तशी घेतली. छप्पर आणि तीन भिंती. चौथ्या बाजूबद्दल अक्षरही नाही. गॅरेजची जी एकच बाजू रस्त्याला दिसते, ती कायद्याने मोकळी सोडली आणि लोखंडी पत्र्याने ती बिनबोभाट व्यापली.

तो पत्रा आला कुठून? रोलिंग शटरच्या आधी दुकानं फळ्यांनी बंद होत. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खाच, त्यात एकामागून एक उभ्या बसवायच्या फळ्या, शेवटी आडवा अडसर आणि कुलूप. फळ्यांना अनेकदा आकडे घातलेले असत, कारण क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नसे. युरोपातही दुकानदारांची कटकट हीच होती. तिच्यावर लंडनमध्ये 1830 च्या दशकात गुंडाळून वर जाणाऱ्या लोखंडी शटरचा उपाय निघाला. कल्पना साधी, पण हुशार. लांबट पट्ट्या कडेला वळवून एकमेकींत अडकवायच्या, दोन्ही बाजूंना खोबणीचे गाईड लावायचे आणि वरच्या पाइपावर सगळं गुंडाळायचं. पाइपाभोवती स्प्रिंग. शटर खाली ओढताना ती पिळली जाते आणि वर उचलताना साठवलेला पीळ परत देते, म्हणून इतकं लोखंड एका माणसाच्या हाताने उठतं. स्प्रिंग थकली की तेच शटर जड होतं. दुकानासाठी हे यंत्र अगदी योग्य होतं. दिवसा ते नाहीसं होतं आणि पूर्ण दर्शनी बाजू गिऱ्हाइकाला मोकळी मिळते. रात्री तिथे फक्त ‘बंद’ एवढंच लिहिल्यासारखं दिसतं. मराठीनेही ते तसंच ओळखलं. ‘शटर पाडलं’ म्हणजे धंदा थांबला, आणि बंदच्या दिवशी शहराची नाडी शटरवरून पाहतात. शटर दिवसभर वर असणार, हे या यंत्राच्या रचनेतच गृहीत आहे. गॅरेजचं मात्र उलट. तिथे ते दिवसभर खाली असतं, म्हणजे ज्या अवस्थेत ते दिसण्यासाठी घडवलेलंच नव्हतं त्या अवस्थेत घराच्या चेहऱ्यावर बसतं.

घरासाठी म्हणून घडलेलं दार ही वेगळीच शाखा. 1921 मध्ये अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी बिजागऱ्यांनी जोडलेल्या आडव्या फलकांचं, रुळावरून वर सरकून छताखाली आडवं होणारं दार काढलं. 1926 मध्ये त्याला विजेची जोडही दिली. अमेरिकन उपनगरात गॅरेज घराच्या पुढ्यात आलं आणि त्याचं दार दर्शनी भागाचा मोठा तुकडा झालं. त्यामुळे ‘दार घराला शोभलं पाहिजे’ हा सल्ला तिथे जन्मला: फलकांची नक्षी खिडक्यांशी जुळवा, रंग चौकटींशी जुळवा. सल्ला वाईट नाही, पण त्यामागचं घर आपलं नाही. शिवाय त्या दाराला छताखाली स्वतःच्या उंचीइतकी मोकळी खोली लागते. आपल्या इमारतींत तिथे बीम आणि सांडपाण्याचे पाइप असतात. वाकोला मूळचं साष्टी बेटावरचं गाव. गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या घरांचा चेहरा म्हणजे ओटी, मंगलोरी कौलं आणि लाकडी गज. बाकीचं वाकोला म्हणजे खाली गाळे आणि वर फ्लॅट. दोन्हींत अमेरिकन दार उपरंच वाटेल.

आपल्याकडे गाडीच्या दाराची परंपराच नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. वाड्याचा दरवाजा हत्ती-घोडे, पालखी, बैलगाडी सगळं आत घेत असे आणि माणसांसाठी त्याच फळीत छोटी दिंडी असे. मोठं आणि लहान, रोजचं आणि प्रसंगाचं एकाच दारात बसवण्याची ही अक्कल शटरने विसरायला लावली. शटरमधून एका माणसाला आत जायचं असलं, तरी ते अर्धं उचलून वाकावं लागतं. जुन्या बंगल्यांच्या मोटारखान्यांना दोन पाखांची लाकडी दारं असत. ती गेली ती रुचीमुळे नव्हे, रस्त्यामुळे. पाखं बाहेर उघडायला जागा हवी आणि रुंदीकरणाने ती खाल्ली. पावसाळ्यात लाकूड फुगून दार अडतं, हेही खरंच.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा. पण साधारण मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याला अभेद्य म्हणणं ही दुकानातून आलेली श्रद्धा आहे. पक्कं कुलूप असलेलं लोखंडी चौकटीचं घडीचं दार काही कमी नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ज्या शहरात गाडीला छप्पर मिळणं हेच भाग्य, तिथे दाराच्या रूपाची चर्चा म्हणजे चैन. पण गॅरेज थोड्यांकडे असलं, तरी त्याचं दार सगळ्यांना दिसतं. तळमजल्याचे गाळे आणि गॅरेजं मिळूनच रस्त्याला इमारतीचा चेहरा दिसतो, वरचे सहा मजले नव्हे. तिसरी गोष्ट आक्षेप नसून इशारा आहे. 26 जुलै 2005 ला इथून जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. इथे कोणतंही दार आधी खालूनच सडतं. शटरची तळपट्टी आणि गाईडचे पाय सर्वांत आधी गंजतात. म्हणून रूपाची चर्चा गंजाला वगळून करता येत नाही.

गावठाणातल्या बैठ्या घराला माझी पसंती लोखंडी चौकटीत लाकडी किंवा जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याच्या उभ्या पट्ट्या बसवलेल्या, आत उघडणाऱ्या घडीच्या दाराला. उभ्या रेषा ओटीच्या खांबांशी आणि खिडकीच्या गजांशी बोलतात, शटरच्या आडव्या रेषा बोलत नाहीत. एका पाख्यात दिंडी ठेवावी. आत जागाच नसेल आणि शटरवाचून गत्यंतर नसेल, तर जाळीचं घ्यावं, म्हणजे वारा खेळेल आणि गंज लवकर दिसेल. गुंडाळीची पेटी लिंटेलच्या आतल्या बाजूला बसवून घ्यावी. बाहेर लटकणारी पेटी घराला दुकान करते. आणि रंग कारागीर आणेल तो करडा नको, घराच्या खिडक्यांचा जो असेल तोच सांगा.