बंदरातला भाव आणि गावातलं कर्ज

आज मुंबईविषयी बोलायचं आहे. सिनेमातल्या नाही, लोकलच्या गर्दीतल्याही नाही, तर मुंबई बंदराविषयी. तुम्ही म्हणाल, आमचं गाव कुठे आणि समुद्र कुठे! पण दीडशे वर्षांपूर्वी याच बंदरातल्या भावाने घाटावरच्या कितीतरी घरांचं बरंवाईट केलं. आपण गटात बसून बचत आणि कर्जाचा हिशेब करतो, म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

मुंबई म्हणजे आधी सात बेटं. तिथे कोळी राहायचे, मासे धरायचे, मुंबादेवीला पूजायचे. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई आणि ही बेटं पोर्तुगिजांना दिली. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं, आणि मुंबई चक्क हुंड्यात गेली. राजाने ती १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली.

कंपनीला इथलं खोल आणि आडोशाचं पाणी हवं होतं. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर इथे आले आणि गोदीत सागवानी जहाजं बांधली जाऊ लागली. वाडियांच्या घराण्याने १८१७ साली बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगतं आहे.

मी जिथे काम करते ते मुलुंड, तसंच घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, हे सगळं तेव्हा मुंबईत नव्हतं. हे साष्टी बेट. १७३९ साली ते मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलं, १७७४ साली इंग्रजांनी मराठ्यांकडून. इथली भातशेती एकीकडे, मुंबई दुसरीकडे आणि मध्ये खाडी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शीवजवळ बांध झाला. माहीम आणि वांद्र्याच्या मधल्या खाडीवर मात्र सरकार पैसा घालायला तयार नव्हतं. तो रस्ता १८४५ साली झाला तो एका बाईमुळे. जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतःचे दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि अट घातली, की या रस्त्यावर कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, आज घाटकोपर-मुलुंडची लोकल धावते त्याच वाटेने. पण इंग्रजांना खरी ओढ होती ती घाटापलीकडच्या कापसाची. बोरघाट फोडायचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाने घेतलं आणि इथे आल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. ते काम त्याच्या बायकोने, ॲलिसने, हाती घेऊन पुरं करवलं. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली. त्या घाटात कॉलऱ्याने, तापाने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. त्यांची नावं मात्र कुठे लिहिलेली नाहीत.

आता मुख्य गोष्ट. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल नावाचं मोठं बंदर आहे. तिथे जगभरचा कापूस उतरायचा, तिथे त्याचा भाव ठरायचा आणि मग तो मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. यातला बहुतेक कापूस अमेरिकेचा असे. १८६१ साली अमेरिकेत आपसात युद्ध पेटलं आणि तिथली कापसाची बंदरं अडवली गेली. गिरण्या ओस पडायला लागल्या, आणि लिव्हरपूलचे व्यापारी मुंबईकडे वळले.

आपल्या कापसाचा भाव तिपटीच्या वर गेला. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरवर लोक तुटून पडले. गावातही सावकार न मागता उचल द्यायला लागला. निर्यात करणारा व्यापारी मुंबईच्या दलालाला पैसे देई, दलाल सावकाराला आणि सावकार शेतकऱ्याला. काही शेतकऱ्यांना खरोखरच चार पैसे मिळाले. पुष्कळांनी मात्र चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलं.

१८६५ साली युद्ध थांबलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला आणि भाव कोसळला. मुंबईत कंपन्या बुडाल्या, बँका बुडाल्या. पण शहर सावरलं. १८७३ साली बंदराचा कारभार पाहायला पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि १८७५ साली कुलाब्याला ससून डॉक सुरू झाला.

गावाचं काय झालं? भाव उतरला, पण कर्ज उतरलं नाही. वर सरकारने शेतसारा वाढवला. १८५९ च्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांची होती. शेतकऱ्याला दिलासा मिळावा म्हणून ती ठेवली होती, पण सावकाराने त्यातूनही वाट काढली. दर तीन वर्षांनी राहिलेलं व्याज मुदलात घालायचं आणि नवा कागद करायचा. वाचता न येणारा शेतकरी खाली आपली निशाणी करायचा. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावच्या बाजारात उठाव झाला. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं काढून जाळली, आणि हे लोण पुढे नगर जिल्ह्यातही पसरलं. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

१८७५ या एकाच सालात मुंबईत नवी गोदी उघडली आणि सुप्यात कागद जळले. बंदराने कमावलं, कर्ज गावाच्या अंगावर राहिलं.

पुढे याच शहरात कापसाच्या गिरण्या वाढल्या. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांना बायका खानावळी चालवून जेवू घालायच्या आणि वाण्याच्या, सावकाराच्या उधारीत अडकायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सुप्याच्या उठावानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

आजही कापूस आणि सोयाबीनचा भाव आपल्या हातात नाही. तो कुठेतरी लांब ठरतो आणि एका रात्रीत पडतो. कर्जाचा कागद मात्र आपल्या हातात असतो. जुना हप्ता फेडायला नवं कर्ज घ्या, असं सांगत कोणी दारात आलं, तर ते तीन वर्षांचं कर्जखत आठवा. मुद्दल किती, व्याज किती आणि राहिलेलं व्याज मुदलात घातलं आहे का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर कागदावर घ्या, आणि सही करण्याआधी तो कागद गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून घ्या. सुप्याच्या शेतकऱ्याला त्याचा कागद वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. आपल्या गटात आज एक तरी शिकलेली मुलगी आहेच.