कोरी: एका दप्तराची वाटचाल

मुलीच्या शाळेत वाचनालयाची पुस्तकं लावायला आठवड्यातून एक तास कुणीतरी पालक हवा होता. मी नाव दिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या बाईंनी खिडकीतून दोन पानी फॉर्म पुढे केला: आधी तुमची कोरी करावी लागेल. मराठीत कोरी म्हणजे जिच्यावर काही लिहिलेलं नाही अशी पाटी, वही. मॅसॅच्युसेट्स राज्यात कोरी म्हणजे बरोबर उलटं. क्रिमिनल ऑफेंडर रेकॉर्ड इन्फर्मेशन या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं आहेत, आणि कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाबद्दल सरकारने जे लिहून ठेवलंय ते म्हणजे त्याची कोरी.

फॉर्मवर जन्मतारीख, उंची, डोळ्यांचा रंग, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे, आईचं माहेरचं नाव असं सगळं होतं. 'पूर्वीची नावं' या ओळीवर मी थबकले. लग्नात माझं आडनाव तर बदललंच, नावही बदललं. मी फक्त माहेरचं आडनाव लिहिलं आणि फॉर्म परत आला. तो नीट भरणं का महत्त्वाचं ते तेव्हा कळलं. या शोधात बोटांचे ठसे नसतात. नाव आणि जन्मतारीख एवढ्यावरच दप्तर चाळलं जातं. नावातली एक चूक कुणा भलत्याचा गुन्हा आपल्या खाती टाकू शकते. आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या बायकांची दोन-दोन नावं आहेत, म्हणून मी हे ज्याला-त्याला सांगत असते.

त्या फॉर्ममुळे मी या दप्तराच्या मागे लागले. त्याची वाटचाल सुरू होते ती पोलिसांपासून नव्हे, तर बॉस्टनच्या एका जोडे बनवणाऱ्यापासून. १८४१ च्या ऑगस्टमध्ये जॉन ऑगस्टस हा कारागीर पोलीस कोर्टात बसला होता. फाटक्या कपड्यांतल्या एका दारुड्याला समोर आणलं. ऑगस्टसने त्याच्याशी दोन शब्द बोलून कोर्टाला सांगितलं, याचा जामीन मी राहतो. तीन आठवड्यांनी माणूस परत आला तेव्हा कुणी ओळखलं नाही, इतका तो सुधारला होता. न्यायाधीशांनी एक सेंट दंड केला. खर्च धरून ३ डॉलर ७६ सेंट झाले. ऑगस्टसने पुढे सतरा-अठरा वर्षांत १,९४६ माणसांचे जामीन घेतले, आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या. १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने देशातला पहिला प्रोबेशन कायदा केला आणि ऑगस्टसचं काम सरकारी झालं. कोण माणूस कोणत्या कोर्टात कशासाठी उभा राहिला याचा हिशेब प्रोबेशन खात्याकडे साचत गेला. आजही इथले वकील त्या नोंदींच्या उताऱ्याला 'बीओपी' म्हणतात. बोर्ड ऑफ प्रोबेशन नावाचं मंडळ कधीच बंद झालं, नाव मात्र तोंडात राहिलं.

हे मला फार मोलाचं वाटतं. नोंद ठेवायला सुरुवात झाली ती माणूस सुधारतोय का हे बघण्यासाठी. पुढे तिचा उपयोग बदलला.

१९७२ हे कोरीचं जन्मसाल. संगणक आले होते, कपाटातली कार्डं यंत्रात जायला लागली होती, आणि एका राज्यातली नोंद क्षणात दुसऱ्या राज्यात दिसेल अशी व्यवस्था उभी राहत होती. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने त्या वर्षी कोरी कायदा केला. नोंदी कुणाला दाखवायच्या आणि कुणाला नाही हे ठरवायला क्रिमिनल हिस्टरी सिस्टिम्स बोर्ड नेमलं. पुढच्याच वर्षी गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी एफबीआयच्या राष्ट्रीय संगणकाशी राज्याच्या नोंदी जोडायला नकार दिला. माहिती कोण बघेल, कशासाठी बघेल यावर पुरेशी बंधनं नाहीत, ही त्यांची हरकत होती. हे गव्हर्नर रिपब्लिकन पक्षाचे होते. गुन्हेगारांची बाजू घेतो म्हणून बोट दाखवलं जाण्याची भीती त्यांनाही असणारच. तरी ते अडून बसले.

पण दार इतकं घट्ट लावलं गेलं की त्यात नको ते अडकलं. कोर्ट उघडं असतं, कुणीही जाऊन बाकावर बसू शकतं. मात्र खटला संपल्यावर नावावरून शोधायची कोर्टातली वर्णानुक्रमाची यादी जनतेला बंद झाली. क्रमांक माहीत असेल तर कागद बघा, नाव माहीत असेल तर परत जा. एखादा न्यायाधीश एका तऱ्हेच्या आरोपींना सारखा सोडतोय का, हे वार्ताहराने शोधायचं कसं? 'बॉस्टन ग्लोब' या वृत्तपत्राने हा प्रश्न केंद्रीय न्यायालयात नेला, आणि १९९३ मध्ये ग्लोब विरुद्ध फेंटन या निकालाने यादीवरचं कुलूप निघालं. निकाल योग्यच होता असं मला वाटतं. कोर्टाचं कामकाज हे लोकांचं आहे.

कोर्टातलं कुलूप निघालं तसे नोकरीच्या बाजारातही कोरी बघणारे वाढले. वृद्धाश्रम, शाळा, घरकुल मंडळं, रुग्णालयं, सगळ्यांना ती हवीशी वाटू लागली. नोकरीच्या अर्जावर एक चौकोन असायचा: तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? तिथे खूण केली की अर्ज बाजूला. बॉस्टनच्या रॉक्सबरी, डॉर्चेस्टर भागांत आणि वूस्टरमध्ये कोरी हा शब्द लोक शिवीसारखा उच्चारायला लागले. दुखणं नुसतं दोषींचं नव्हतं. कोरी सुरू होते ती शिक्षेपासून नव्हे, तर कोर्टात आरोप वाचून दाखवला जातो त्या दिवसापासून. खटला पुढे खारीज झाला तरी ती ओळ उरते.

या ओळी वाचणं किती अवघड आहे ते मी एकदा जवळून बघितलं. ओळखीचा एक मुलगा, इथेच जन्मलेला, नोकरीच्या आधी स्वतःचा उतारा घेऊन आमच्याकडे आला. कॉलेजात असताना एका रात्री मित्रांत भांडण झालं होतं.

"काकू, तीन गुन्हे दिसताहेत हो," तो म्हणाला. चेहरा पडला होता.

आम्ही दोघं टेबलाशी बसलो. पहिल्यांदा डॉकेट क्रमांक, म्हणजे खटल्याचा क्रमांक. त्यातले पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन कोर्टाचे: ६२ असेल तर वूस्टर, ५६ असेल तर क्विन्सी, ११ म्हणजे लोवेल. मग सीआर ही फौजदारीची अक्षरं आणि शेवटी त्या वर्षातला अनुक्रमांक. तिन्ही ओळींवर क्रमांक एकच होता. म्हणजे रात्र एक, खटला एक, कलमं तीन. दोन कलमांपुढे खारीज. तिसऱ्यापुढे सी-डब्ल्यू-ओ-एफ. हा खास मॅसॅच्युसेट्सचा निकाल. आरोप सिद्ध होण्याइतके पुरावे आहेत हे आरोपी मान्य करतो, न्यायाधीश दोषी असा शेरा न मारता खटला ठरावीक मुदतीसाठी पुढे ठेवतात, मुदत नीट पार पडली की तो खारीज होतो. राज्याच्या कायद्यात ही शिक्षा नाही. त्या मुलाला एकदाही दोषी ठरवलेलं नव्हतं, आणि कागद बघणारा घाईचा माणूस तीन गुन्हे मोजून मोकळा झाला असता.

इथेच आपल्या लोकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. राज्याच्या लेखी जी शिक्षा नाही, ती केंद्राच्या स्थलांतर कायद्यात शिक्षा धरली जाऊ शकते, कारण तिथे पुराव्यांची कबुली आणि कोर्टाने घातलेली बंधनं एवढं पुरतं. एच-वन व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या कुणी कोर्टात 'मान्य आहे' म्हणण्याआधी स्थलांतराचा वकील गाठावा. नोंद सीलबंद झाली तरी नागरिकत्वाच्या अर्जात ती सांगावी लागते.

वूस्टरची ईपोका आणि बॉस्टन वर्कर्स अलायन्स यांसारख्या संघटनांत स्वतः तुरुंगातून आलेली माणसं होती. ती वर्षानुवर्षं स्टेट हाउसच्या, म्हणजे विधिमंडळाच्या, पायऱ्यांवर गेली, आमदारांना आपली कोरी दाखवत राहिली. ६ ऑगस्ट २०१० रोजी गव्हर्नर देवल पॅट्रिक यांनी सुधारणेच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून पहिल्या अर्जावरचा तो चौकोन गेला. खाजगी मालकांनाही ही बंदी लागू करणारं हवाईनंतरचं हे दुसरं राज्य. जुनं बोर्ड जाऊन डीसीजेआयएस, म्हणजे फौजदारी न्यायाच्या माहितीचं खातं, उभं राहिलं. बॉस्टनला लागून असलेल्या चेल्सी गावात त्याचं ऑफिस आहे. मे २०१२ मध्ये आयकोरी ही ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली.

आता कुणीही कुणाचीही कोरी मागू शकतं, त्या माणसाला न विचारता. नाव आणि जन्मतारीख द्यायची, ५० डॉलर भरायचे. पण मिळतं ते मोजकं. कमी गंभीर गुन्ह्याची शिक्षा असेल तर सुटल्यापासून एक वर्ष दिसते. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, असेल आणि कायद्याने तिला पाच वर्षांपेक्षा कमी तुरुंगवास सांगितला असेल तर दोन वर्षं, पाच किंवा जास्त असेल तर दहा वर्षं. खून, मनुष्यवध आणि लैंगिक गुन्हे मात्र जात नाहीत. मुदत उलटली असेल तर दाखवण्याजोगी नोंद नाही असं उत्तर येतं. मुळातच काही नव्हतं, की होतं आणि काळाने झाकलं, हे मागणाऱ्याला कळत नाही. मला या सबंध कायद्यात हे सगळ्यात सुंदर वाटतं. नोंदीलाही वय असतं, हे इथे कुणीतरी आकड्यांत लिहून ठेवलं.

नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची लेखी संमती लागते, ओळखपत्र तपासावं लागतं, फी २५ डॉलर. उताऱ्यावरून प्रश्न विचारायचा तर आधी त्याची प्रत उमेदवाराच्या हातात द्यावी लागते. स्वतःचा उतारा मागणाऱ्यालाही २५ डॉलरच. ऐपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. या उताऱ्यात सगळं येतं, म्हणूनच तो तुमच्याकडून मागून घ्यायला मालकाला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला उमेदवारच पोलिसांकडून काढून आणतो. त्या सवयीने इथे नवीन आलेली मुलं आपण होऊन सगळा उतारा मालकाला देऊन बसतात. देऊ नये.

खात्याशिवायही वाटा आहेत. गावच्या पोलीस ठाण्यात रोजची नोंदवही असते. अटक झालेल्याचं नाव, पत्ता, आरोप त्यात असतो आणि ती फुकट बघता येते. २०१४ पासून घरगुती हिंसाचाराच्या नोंदी वेगळ्या, बंद वहीत जातात, कारण त्यांतून पीडित बाईचा पत्ता उघडा पडत होता. कोर्टात क्लार्कच्या ऑफिसात जाऊन डॉकेट मागता येतं, तिथल्या संगणकावर शोधता येतं. मात्र कोर्टांच्या २०१६ च्या नियमांनी घरी बसून नावावरून फौजदारी खटला शोधायची सोय दिलेली नाही. काही वार्ताहरांना हे जाचक वाटतं. मला वाटतं, कोर्टापर्यंत चालत जाण्याएवढं तरी कारण बघणाऱ्याकडे असावं. पैसे घेऊन झटपट अहवाल देणाऱ्या खाजगी साइटींवर मात्र खारीज झालेला खटला वर्षानुवर्षं तसाच पडून असतो. म्हणूनच २०१० च्या कायद्याने सरकारी उताऱ्यावर विसंबणाऱ्या मालकाला संरक्षण दिलं.

१३ एप्रिल २०१८ रोजी गव्हर्नर चार्ली बेकर यांच्या सहीने पुढचा टप्पा आला. सीलबंद करण्यासाठी थांबण्याचा काळ फेलनीला दहावरून सात वर्षं, कमी गंभीर गुन्ह्याला पाचवरून तीन वर्षं झाला. त्याआधी २०१० च्या कायद्याने तो पंधरा आणि दहावरून खाली आणला होता. एकविसाव्या वर्षाआधीच्या काही गुन्ह्यांच्या आणि चुकीने दुसऱ्याच्या नावावर चढलेल्या नोंदी पूर्ण पुसायची सोयही झाली. खारीज खटल्यांसाठी वाट आधीच सोपी झाली होती: २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉमनवेल्थ विरुद्ध पॉन या निकालात म्हटलं, की पुरेसं कारण दाखवलं तर न्यायाधीशाने ते झाकावेत. मुदतीवर सीलबंद करायचा अर्ज ॲशबर्टन प्लेसला प्रोबेशन कमिशनरकडे टपालाने जातो, फी नाही. सील झाल्यावर नोकरीच्या अर्जात 'माझी नोंद नाही' असं लिहायचा हक्क कायदा देतो. जामीन राहणाऱ्या ऑगस्टसचं खातंच आज या नोंदी झाकतं.

त्या मुलाने क्लार्ककडून निकालाच्या पानाची प्रत घेतली, सी-डब्ल्यू-ओ-एफ नंतरची खारीजची तारीख पिवळ्या पेनाने रंगवली आणि खटला झाकण्याचा अर्ज कोर्टात दिला. नोकरी कुठे लागली ते त्याचं त्याला सांगू दे.

आपली कोरी कुणीकुणी बघितली, हेही डीसीजेआयएस सांगतं; दर नव्वद दिवसांनी एकदा फुकट. मी गेल्या महिन्यात मागवलं. एकच ओळ आली: मुलीच्या शाळेचं नाव, आणि पुस्तकं लावायला जाण्याच्या आदल्या आठवड्यातली तारीख.