डिजिटल व्हिडिओ केबल

संगणक, सेट-टॉप बॉक्स किंवा कॅमेऱ्यातील चित्र अंकीय रूपातच पडद्यापर्यंत नेणारी तार. 1999 मध्ये डीव्हीआय आले. 2002 मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआयने चित्र व आवाज एकाच 19 पिनांच्या जोडणीत आणले. डिस्प्लेपोर्ट 2006 चे. ते मुख्यतः मॉनिटरला लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यात शिर्डीला साईबाबांच्या समाधी मंदिरातील दर्शन थेट प्रक्षेपणाने दूरवर पोचते. रांगेतल्या भाविकाला ते पडद्यावर दाखवायचे, तर खरी परीक्षा अंतराची असते. तांब्याची साधी एचडीएमआय केबल घरात दोन-तीन मीटरला उत्तम चालते. लांबी वाढली की संदेश क्षीण होतो. चित्र हळूहळू पुसट होत नाही. आधी ठिपके चमकतात, मग पडदा एकदम काळा पडतो. अशा ठिकाणी ऑप्टिकल केबल घ्यावी, किंवा एचडीबेस-टी यंत्रणेने कॅट-6 तारेवरून सुमारे 100 मीटरपर्यंत चित्र न्यावे.

फोर-के, 60 फ्रेम्ससाठी 18 गिगाबिटची ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल पुरते; 120 फ्रेम्सना 48 गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लागते. सोन्याच्या मुलाम्याने गंज टळतो, चित्र उजळत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ.

डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारा साधा अडॅप्टर उलट दिशेने चालत नाही. साउंडबार टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टलाच जोडावा. भिंतीत तार पुरण्यापूर्वी ती दोन्ही टोकांना जोडून चित्र व आवाज तपासून घ्यावा.