गल्लीतला कलावंत आणि त्याचा मंच

संमेलनाच्या करमणुकीसाठी यंदा किती रक्कम राखून ठेवावी, हा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत निघाला, तेव्हा एका तरुण सभासदाने वाद्यवृंदाचे दर, ध्वनिक्षेपकाचे भाडे आणि निवेदकाचे मानधन यांचा चोख हिशेब पुढे ठेवला. हिशेबात नाव ठेवण्याजोगे काहीच नव्हते. एका वयोवृद्ध भगिनींनी मात्र विचारले, "आणि आपली मुले काय करणार?" क्षणभर कोणी बोलले नाही. मग कोणीसे म्हणाले, "मुले पाहायला येतील."

हे उत्तर आमच्या मनातून जाईना. ज्या गिरगावात आमचे बालपण गेले, तेथे उत्सव म्हटला की मुलांनी काय करायचे, असा प्रश्न कोणास पडत नसे. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने चाळीतल्या कोणत्यातरी बिऱ्हाडात पेटी वाजू लागे आणि मुले आपोआप तिकडे ओढली जात. त्या पेटीमागे उभ्या असलेल्या संस्थेचा, म्हणजे मेळ्यांचा, वृत्तान्त ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, या हेतूने हा लेखनप्रपंच केला आहे.

मेळ्यांचा जन्म सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबरचा. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचे दंगे झाले आणि त्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक उत्सवास आरंभ झाला. पुढच्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने त्याने बाळसे धरले. मुंबईत गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सवही १८९३ पासूनचा मानला जातो. तोपर्यंत मोहरमाच्या दिवसांत ताबुतांपुढे नाचगाणी करीत जाणाऱ्या टोळ्यांत हिंदू तरुणही हौसेने सामील होत असत. दंग्यांनंतर तो सहभाग बंद पडला, आणि त्याच टोळ्यांच्या धर्तीवर गणपतीपुढे गाणारे मेळे निघाले. आमच्या मते ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. एका तुटलेल्या शेजारातून ही कला जन्मास आली आणि आरंभीच्या काही मेळ्यांच्या पदांत त्या तुटण्याचा कडवटपणाही उतरला होता. त्याबरोबरच हेही खरे की, ज्यास नाटक कंपनीत कोणी उभे केले नसते, अशा पोरासोरांस गाण्याची जागा पहिल्यांदा तेथेच मिळाली.

मेळ्याचे स्वरूप साधे असे. पंधरा-वीस मुले, अंगावर एकसारखा पोशाख, डोक्यास फेटा, हातात झांजा किंवा लेझीम. सोबत एक पेटीवाला, एक तबलजी आणि सर्वांवर नजर ठेवणारा एक चालक. प्रथम गणेशस्तवन, मग देशस्थितीवरची पदे, मग एखादा संवाद किंवा छोटी नाटिका. एका मंडपातले आटोपले की पुढच्या मंडपाकडे प्रयाण. पदे लिहिणारा कवी बहुधा त्याच आळीतला असे, आणि चाली नाटकांतल्या लोकप्रिय पदांवरून उचललेल्या असत. त्यामुळे ऐकणाऱ्यास चाल आधीच पाठ असे आणि शब्द तेवढे नवे असत. सांगायचे ते लोकांच्या कानी पडावे, यासाठी याहून सोपा मार्ग कोणता?

हा मार्ग सरकारच्याही ध्यानात आला. पुण्याच्या सन्मित्र समाज मेळ्यासारख्या मेळ्यांची पदे राजद्रोहाच्या संशयाने तपासली जाऊ लागली आणि १९१० च्या सुमारास मेळ्यांवर कडक बंधने आली.

या काळातली एक हकीकत विस्ताराने सांगण्यासारखी आहे. नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीत गोविंद त्र्यंबक दरेकर नावाचा एक तरुण राहत असे. जन्म १८७४ चा, घरचा व्यवसाय गवंडीकामाचा. लहानपणीच्या आजाराने दोन्ही पाय निकामी झालेले. शाळा जेमतेम; परंतु लावण्या रचण्यात हातखंडा. आज अशा मुलाविषयी आपण हळहळू आणि पुढे जाऊ. त्याच गल्लीत सावरकर बंधूंचा वावर होता. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी १९०० च्या सुमारास 'मित्रमेळा' काढला. मेळा म्हटला की पदे हवीत, आणि पदे रचणारा तर दोन दारे सोडून बसलेला! लावणीकार 'आबा' पाहता पाहता कवी गोविंद झाला. गणेशोत्सवात आणि शिवजयंतीस त्यांची पदे मुलांच्या तोंडून नाशिकभर गाजू लागली. पुढे त्यांच्या कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल गणेशपंत तथा बाबाराव सावरकरांस १९०९ साली जन्मठेप झाली. कवी गोविंद १९२६ साली वारले. सावरकरांच्या राजकारणाविषयी वाचकांची मते निरनिराळी असतील, आमचीही आहेत. परंतु एका पंगू, अल्पशिक्षित तरुणाच्या शब्दांचे राज्यकर्त्यांस भय वाटावे, एवढे सामर्थ्य त्या शब्दांस मेळ्याने मिळवून दिले, हे कोणीही मान्य करील. गल्लीला गरज होती आणि गुणी मनुष्य गल्लीतच सापडला. आमच्या समजुतीप्रमाणे स्थानिक कलेच्या साऱ्या इतिहासाचे बीज या एका योगात आहे.

अर्थात ज्यास-त्यास हा योग लाभला नाही. वर्गणी सर्वांकडून घ्यायची आणि मान काहींनाच द्यायचा, ही रीत बहुतेक मंडपांत होती. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात पूजेचा अधिकार अस्पृश्य बंधूंस का नाही, या प्रश्नावरून प्रबोधनकार ठाकरे यांच्या पुढाकाराने मोठा वाद माजला, डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर बोले हेही त्या प्रसंगी त्यांच्या बाजूने होते. पुढे प्रबोधनकारांनी त्याच वस्तीत नवरात्रोत्सव सुरू केला. पुण्यात त्याआधीच केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याने ब्राह्मणेतरांची बाजू पदांतून मांडण्यास आरंभ केला होता. त्याची भाषा पुष्कळांस झोंबली, आणि झोंबावी म्हणूनच ती तशी लिहिलेली होती. सत्यशोधकांचे जलसे गावोगाव चालूच होते. १९३० नंतर भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. त्याच परंपरेत पुढे वामनदादा कर्डक झाले. गिरणीत काम केलेला आणि अक्षरओळखही मोठेपणी झालेला हा कवी २००४ साली निवर्तला, तेव्हा त्याची गीते महाराष्ट्रभर गायिली जात होती. एका मंचावर जागा न मिळालेल्यांनी आपला मंच स्वतः बांधला, असा हा इतिहास आहे. ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांत तो सहसा छापला जात नाही. आमच्या वडील पिढीनेही अशी दारे लावून घेतली होती, हे येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मुलींची गोष्टही अशीच. प्रथम मेळ्यांत मुलगेच असत आणि मुलींनी चारचौघांत गाणे पुष्कळ घरांस रुचत नसे. पण घरचाच मेळा असला म्हणजे कोण अडवणार? गिरगावात फणसवाडीत १९३३ साली जन्मलेली कदमांची सुलोचना ही लहानपणी घरच्या श्रीकृष्ण बाळमेळ्यात काम करू लागली. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण त्या याच. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या कालवश झाल्या. त्यांच्या आवाजातला ठसका दोन पिढ्यांनी ऐकला. त्या ठसक्याची पहिली तालीम वाडीतल्या शेजाऱ्यांपुढे झाली होती.

आता थोडे आमच्या अनुभवाचे. १९५५ च्या सुमारास आम्ही दहा वर्षांचे होतो आणि मेळ्यांचा बहर ओसरत आला होता. आमच्या चाळीचा मेळा गोदीतले एक कारकून चालवीत. पदे तेच लिहीत, आणि ती छापून त्यांची एक आण्याची चोपडी विकीत. खर्च भागत नसे. उरलेला भार ते स्वतः सोशीत आणि घरी बोलणी खात. चौकात बाकडी जोडून मंच होई, पडद्यास चादरी लागत, आणि कोणाची चादर पडद्याला लागली यावरून दोन बिऱ्हाडांत अबोला धरल्याचेही आम्हांस आठवते. आमच्या वाट्यास शिवाजीच्या मावळ्याचे काम होते, सगळी मिळून चार वाक्ये. तिसऱ्या वाक्यास आम्ही थबकलो. तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एका काकूंनी ते वाक्य खणखणीत आवाजात पुरविले. रोज तालीम ऐकून ते त्यांस पाठ झाले होते. सारी चाळ हसली. आम्ही चौथे वाक्य बरोबर म्हटले आणि टाळ्याही मिळाल्या. त्या रात्री आम्ही फार रडलो, हे खरे; पण दुसऱ्या वर्षी पुन्हा उभे राहिलो, हेही खरे. चुकलेल्यास सांभाळून घेणारा असा प्रेक्षक पैसे देऊन आणता येत नाही.

मेळे मागे पडत असताना त्यांची जागा काही काळ कलापथकांनी घेतली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लालबावटा कलापथक १९४४ चे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके पुढे आले. यांपैकी निळूभाऊ पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत, आणि दादा नायगावच्या चाळीत वाढलेले, बँडपथकात रमलेले. यांस अभिनयाची शाळा कोठली? वस्तीतला मंच हीच ती शाळा.

गिरणगावात तर कोकणातून आलेल्या कामगारांनी आपले नमन, दशावतार आणि शक्ती-तुरा बरोबरच आणले होते. पाळी संपवून आलेला मनुष्य रात्री राजाचा मुकुट चढवीत असे. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून अशा कामगार कलावंतांचे हक्काचे घर झाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या, आणि त्यांबरोबर कलावंत व प्रेक्षक दोघेही पांगले. दामोदर २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा कलावंतांनी निषेध केला. वास्तूची चिंता त्यांनी केली, ते योग्यच होते. पण ज्यांच्यासाठी ती बांधली होती, त्यांपैकी पुष्कळजण तोवर डोंबिवली-कल्याणच्या पलीकडे राहावयास गेले होते.

मेळे बुडाले ते चित्रपटामुळे, असे सर्रास म्हटले जाते. आम्हांस ते अर्धेच पटते. चित्रपटाची गाणी आल्यावर मेळ्यांनी नाट्यपदांऐवजी त्या चाली घेतल्या आणि काही वर्षे ते चांगले चाललेही. खरा घाव वर्गणीच्या वहीत बसला. वर्गणी वाढली, तशी ती कशावर खर्च करावी हा प्रश्न आला, आणि पैसा हाती असला की तयार वस्तू विकत घ्यावीशी वाटते. मग मंडपात वाद्यवृंद आला, पडद्यावरचा चित्रपट आला. १९७२ च्या ऑक्टोबरात मुंबईत दूरदर्शन सुरू झाल्यावर तर घरबसल्या सारे मिळू लागले. गोदीतल्या कारकुनास कोणी 'तुमचा मेळा नको' असे तोंडावर सांगितले नाही. एके वर्षी त्यांस तारीखच मिळाली नाही, एवढेच झाले. त्यांची पेटी पुढे आमच्या मंडळाकडे देणगी म्हणून आली. ती अद्याप सभागृहामागच्या कपाटात आहे.

जुने मेळे पुन्हा काढावेत, असे आमचे म्हणणे नाही. तो काळ गेला आणि त्यातले काही गेले ते बरेच झाले. बैठकीत निघालेल्या प्रश्नास मात्र आम्ही लेखी उत्तर दिले आहे. संमेलनाच्या तीन तासांपैकी पहिले दोन तास मुलांस आणि हौशी मंडळींस द्यावेत, वाद्यवृंद उरलेल्या एका तासापुरता बोलवावा, आणि वाचलेल्या रकमेतून तालमीसाठी जून महिन्यापासून आठवड्यातून दोन संध्याकाळ सभागृह विनाभाडे उघडे ठेवावे. सूचनेचा दुसरा भाग अधिक वादाचा ठरेल, याची आम्हांस जाणीव आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे संमेलनाच्या मंचावर सभासद कुटुंबांतील मुलांनाच उभे राहता येते. गेल्या वर्षी सभागृहालगतच्या इमारतीतली एक मुलगी आमच्या मुलांबरोबर महिनाभर तालमीस येत होती. ती ढोलकी उत्तम वाजविते. ऐन दिवशी नियमावर बोट ठेवून तिला खाली बसविण्यात आले आणि ढोलकी ध्वनिमुद्रणावर वाजली. ती पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरीत होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. नियमातील 'सभासद कुटुंबांतील' हे शब्द काढून 'सभासद कुटुंबांतील व शेजारच्या वस्तीतील' असे शब्द घालावेत, अशी दुरुस्ती आम्ही सुचविली आहे.

दुरुस्ती येत्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. कपाटातली पेटी आम्ही मध्यंतरी उघडून पाहिली. भात्यास चीर गेली आहे आणि वरच्या सप्तकातले दोन सूर बसले आहेत. दुरुस्तीचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला आहे.