धावणाऱ्याची तहान

तहान लागली म्हणजे पाणी प्यावे, ही गोष्ट मनुष्यास कोणी शिकवावी लागत नाही, असा आपला समज आहे. परंतु लांब पल्ल्याच्या शर्यतींचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही साधी गोष्टही शास्त्राच्या नावाने दोनदा, आणि तीही परस्परविरुद्ध दिशांनी, अमान्य करण्यात आल्याचे दिसून येते. अलीकडे विद्वन्मंडळात जिचा बोलबाला आहे, ती उत्तर-आधुनिक विचारसरणी धावपटू घडविण्याच्या कामी कितपत उपयोगी पडेल, ह्याचा विचार करण्यास इतके चांगले उदाहरण आम्हांस दुसरे आढळले नाही.

इ. स. १९०४ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील सेंट लुई येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. ऊन कडक, रस्ते कच्चे, आणि पुढे चाललेल्या मोटारींनी उडविलेला धुरळा धावणाऱ्यांच्या नाकातोंडात जात होता. अशा वाटेवर पाण्याची सोय मुद्दाम अत्यल्प ठेविली होती. देहातील पाणी घटले असता काय होते, हे पाहण्याची जिज्ञासा संयोजकांस होती, असे सांगतात. ३२ जण निघाले, त्यांपैकी १४ पोहोचले; एक जण तर रक्तस्राव होऊन मरणाच्या दारातून परत आला. विजयी ठरलेल्या टॉमस हिक्सने पाणी मागितले, तेव्हा सोबत्यांनी ते नाकारून ओल्या स्पंजाने त्याचे तोंड तेवढे पुसले. आणि कुचल्यापासून निघणारे स्ट्रिक्नीन हे विष, अंड्याचा बलक वगळून उरलेला पांढरा भाग व ब्रँडी ह्यांच्या बळावर त्यास शेवटपर्यंत नेले. त्याच्याबरोबर असलेल्या चार्ल्स ल्यूकस ह्यांनी पुढे ह्या शर्यतीचा वृत्तांत लिहिताना औषधांच्या उपयुक्ततेची प्रशंसाच केली. तो काळ लक्षात घेता ती त्यांची शास्त्रबुद्धीच होती, हे आपण विसरता कामा नये.

पुढे वारे फिरले. इ. स. १९६५ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड ह्यांनी खेळाडूंसाठी क्षारयुक्त गोड पेय तयार केले. इ. स. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील विंडहॅम व स्ट्रायडम ह्यांनी मॅरेथॉनमध्ये पाणी कमी पिण्याच्या धोक्यांविषयी निबंध प्रसिद्ध केला. जुन्या क्रूर समजुतीवर हा प्रहार होणे अवश्यच होते. परंतु एका टोकाचे औषध दुसरे टोक ठरले. तहान हा विश्वासू सेवक नव्हे, ती लागण्यापूर्वीच प्यावे, असा उपदेश सर्वत्र होऊ लागला. इ. स. १९९६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन ह्या संस्थेने घामावाटे गेलेले सर्व पाणी भरून निघेल इतके, अथवा सोसेल तितके, पाणी प्यावे अशी शिफारस केली. पेये विकणाऱ्यांचे हित ह्या उपदेशाशी जुळणारे होते, हे सांगावयास नको.

ह्याच्या अकरा वर्षे आधी, इ. स. १९८५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील टिमथी नोक्स व त्यांचे सहकारी ह्यांनी चार खेळाडूंची हकीकत प्रसिद्ध केली होती. सात तासांहून अधिक चाललेल्या स्पर्धांत ते चौघे अति पाणी पिऊन आजारी पडले होते. असे का होते? पाणी फार झाले आणि मूत्रपिंडांस ते वेळीच बाहेर टाकता आले नाही, म्हणजे रक्तातील सोडियम विरळ होते. पाणी पेशींत शिरते. मेंदू सुजतो, आणि कवटी कठीण असल्यामुळे त्यास पसरावयास जागा नसते. ओकारी, भ्रम, झटके, शेवटी मृत्यू. दुर्दैव असे की, ओकारी व भ्रम पाहून 'ह्यास पाणी कमी पडले' असे कोणासही वाटावे आणि रोग्यास आणखी पाणी द्यावे! इ. स. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुण स्त्रीचा ह्याच कारणाने अंत झाला. त्याच शर्यतीतील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्क्यांत सोडियमचे प्रमाण कमी आढळले, असे इ. स. २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. धावून वजन घटावयाचे, ते ज्यांचे वाढले होते, त्यांस धोका अधिक होता.

आता तत्त्वज्ञांकडे वळू. फ्रेंच विचारवंत ल्योतार ह्यांनी इ. स. १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, सर्व काही एकाच सूत्रात ओवणाऱ्या महाकथनांविषयीचा अविश्वास हे उत्तर-आधुनिक वृत्तीचे लक्षण सांगितले. त्यापूर्वी, इ. स. १९७५ मध्ये, फूको ह्यांनी तुरुंग, शाळा व लष्कर ह्यांत वेळापत्रके आणि देखरेख ह्यांच्या योगे मनुष्यदेह कसा आज्ञाधारक बनविला जातो, हे दाखविले. प्रशिक्षकाच्या हातातील घड्याळ व तक्ता ह्यांकडे ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे आपला इतिहास उजळून निघतो. इ. स. १९०४ मध्ये काय, की १९९६ मध्ये काय, धावणाऱ्याने स्वतःच्या तहानेविषयी काय म्हटले, ह्यास पुराव्याची किंमतच नव्हती. बोलण्याचा अधिकार तज्ज्ञाचा, सोसण्याचा धावणाऱ्याचा!

इतके ऋण मान्य करून आम्ही एका पायरीवर थांबतो. सर्व ज्ञान म्हणजे निरनिराळ्या कथाच, असे म्हणत गेल्यास स्ट्रिक्नीन पाजणाऱ्याची कथा व सोडियम मोजणाऱ्याची कथा सारख्याच मोलाच्या ठरतील. बोस्टनची चूक उघडकीस आली ती तराजूने आणि रक्ताच्या थेंबाने. सत्ता कोठे बोलते हे तत्त्वज्ञान दाखवील. ती खरे बोलते की नाही हे मोजूनच ठरवावे लागेल. आणि स्वतःचे कालचे म्हणणे आज खोडून काढण्याची तयारी हाच जर शास्त्राचा प्राण असेल, तर चांगला संशयवादी आणि चांगला शास्त्रज्ञ ह्यांत आम्हांस वैर दिसत नाही.

मुंबईत इ. स. २००४ पासून मोठी मॅरेथॉन भरते, आणि आपल्या घरांतील मुलीसुना व सेवानिवृत्त वडीलधारी मंडळीही तीत धावतात. कोणी त्यांस पाण्याचे तक्ते देईल, कोणी तक्ते फाडून टाकण्यास सांगेल. आमच्या मते तक्ता जवळ ठेवावा, परंतु तो पेन्सिलीने लिहिलेला असावा. सरावाच्या आधी व नंतर वजन करावे, हवामान पाहावे, आणि सर्वांत आधी प्रशिक्षकाने धावणाऱ्यास विचारावे, "तहान लागली आहे का?" ह्या प्रश्नाचे उत्तर ऐकून घेण्याइतकी नम्रता यावयास आपल्या विद्येला शंभर वर्षे लागली.